बाहेरची वही

भोसरीच्या एका कारखान्यात, स्टोअर्समध्ये मी सतरा वर्षं काढली. माल आला की मोजायचा, बिन कार्डावर चढवायचा, मागणी आली की द्यायचा, शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेली की खरेदी खात्याला चिठ्ठी पाठवायची. या कामात कविता नाही. पण त्याने एक खोड लावली. कुठलीही वस्तू दिसली की ही किती दिवस पुरेल, हा प्रश्न आधी मनात येतो. २०१३ साली नवऱ्याने आणि मी दापोली तालुक्यात, एका वाडीच्या वरच्या अंगाला, कातळाच्या कडेवर घर बांधलं आणि विजेची जोडणी न घेता राहायला आलो. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "सुटलीस बाई त्या रजिस्टरांतून." सुटते कसली! तिथे निदान संध्याकाळी साडेपाचला कुलूप लागायचं.

वीज न घेण्यामागे फार मोठं तत्त्वज्ञान होतं असं कुणाला वाटू नये. वाडीतला शेवटचा खांब आमच्यापासून सहाशे मीटरवर होता, मधल्या खांबांचा खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो, आणि नवऱ्याला तारांशी खेळायची हौस होतीच. तत्त्वज्ञान मागाहून आलं. पाहुणे यायला लागल्यावर.

पहिल्या वर्षापासून मी दोन वह्या ठेवल्या. एक 'घरची': गॅस किती तास जळला, विहिरीची पातळी, बॅटरीचे व्होल्ट, भात किती पायली, नारळ किती. दुसरी 'बाहेरची': जे जे विकत किंवा मागून आणलं ते. मीठ, तेल, चहा, साखर, काडेपेटी, कोयत्याला धार, स्क्रू, औषधं. पाहुणे आले की मी घरची वही बाहेर काढायची आणि दुसरी माळ्यावर सारायची. पाहुणे खूश होऊन जायचे. पुण्याहून आलेला एक जण तर म्हणाला, "तुम्ही जगापासून मोकळ्या झालात." मी चहा ओतत होते. चहापत्ती दापोलीची, साखर कोल्हापूरकडची. काही बोलले नाही.

इथल्या जगण्याचं सगळं गणित आगोटीला येऊन थांबतं. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडाशी करायची बेगमी, हे कोकणात कुणाला सांगायला नको. आमच्या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्याच चार महिन्यांत ऊन नाही म्हणून वीज नाही, गारठ्याने गोबरगॅस सुस्त, लाकूड ओलं, वाट चिखलाची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून हर्णैहून सुकट आणि बोंबील मे महिन्यातच आणून ठेवायचे. कुळीथ राख चोळून डब्यात, पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला, आमसुलं, आंबोशी, फणसपोळी, चिंच, मिरगुंडं. मी वाडीतल्या घराघरांत पाहिलं, तर हे सगळं माझ्याआधी, माझ्याहून चोख आणि कुठलीही वही न ठेवता चाललेलं होतं. शहरातून आलेल्या आमच्यासारख्यांना त्याला 'शाश्वत जीवनशैली' वगैरे म्हणावं लागतं. वाडीत त्याला आगोट म्हणतात.

लाकडाचा धडा मला शेजारच्या आजींनी दिला. पहिल्या वर्षी मी एप्रिलच्या शेवटी फाटी घेतली, छान रचून ताडपत्रीने गच्च झाकली, आणि मोठ्या अभिमानाने आजींना दाखवली. त्यांनी एक ओंडका उचलला, हातावर जोखला आणि म्हणाल्या, "बाय, ही लाकडं नाय, पाणी भरून ठेवलंयस तू." श्रावणात ते पाणी धूर होऊन माझ्या डोळ्यांत गेलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच लाकूड फोडलं. सवयीप्रमाणे ऐनाच्या एका फोडीवर खडूने खूण केली आणि ताणकाट्याला लावली. सहा किलो दोनशे. उन्हात वाऱ्यावर उघडी रचून, मृगाच्या आधी पुन्हा लावली. चार किलो तीनशे. जवळजवळ दोन लिटर पाणी त्या एका फोडीतून निघून गेलं होतं. मग खोपीत रचताना खाली बांबूचे तुकडे, मधे हवेला वाट, वरून झावळ्यांची झापं. पुढे ऐन, कारण त्याचा निखारा टिकतो. मागे आकेशिया. काजूचं वेगळं, फक्त पाणचुलीला, कारण ते स्वयंपाकघरात जाळलं तर भांड्यांपेक्षा आधी माणूस काळवंडतो. पेटवणाला सोडणं, करवंट्या आणि नारळाच्या पोयी. आम्हा दोघांना पावसाच्या चार महिन्यांत सातशे ते आठशे किलो लाकूड लागतं. हा आकडा आला तेव्हा कुठे मला स्वयंपाकघर आपलं वाटायला लागलं.

गोबरगॅसने मात्र आकड्यांवरचा माझा विश्वासच हलवला. दोन घनमीटरचं 'दीनबंधू' बांधलं, जमिनीखाली विटांचा घुमट असलेलं. १९८४ च्या सुमारास आलेली ही रचना, लोखंडी टाकी नाही म्हणून गंजायला काही नाही. दोन घनमीटरला रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं, असं पुस्तकात दिलेलं. आम्ही तीन गाई घेतल्या आणि म्हटलं, थोडं कमी पडेल. पण पुस्तकातली जनावरं देशावरची. आमच्या कोकण कपिला. बुटक्या, चपळ, कडेकपारीला शेळीसारख्या चढणाऱ्या. दिवसभर रानात चरायच्या आणि शेणही रानातच टाकून यायच्या. गोठ्यात सकाळी तिघींचं मिळून पंधरा किलो. पंधरा किलो शेणाचा गॅस सव्वा तास जळतो. त्यात वरण-भात, भाजी आणि सकाळचा चहा होतो. भाकऱ्या, दूध आणि अंघोळीचं पाणी चुलीवर.

पहिली भरणी हा वेगळाच सोहळा होता. टाकी भरायला दोन हजार किलोच्या आसपास शेण, तितकंच पाणी. वाडीतल्या प्रत्येक गोठ्यातून घमेली आली. कालवून कालवून आठवडाभर जेवणाला शेणाचा वास. आणि मग पहिला गॅस आला तो जळेचना! नवरा काड्यांवर काड्या ओढतोय आणि शेगडी नुसती फुसफुसतेय. सुरुवातीला त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो सोडून द्यावा लागतो, हे आम्हाला कळेपर्यंत दीड काडेपेटी संपली. बाहेरच्या वहीत ती नोंद आहे. सोळाव्या दिवशी निळी ज्योत धरली. मी स्टोअर्समध्ये कधी रडले नव्हते, तिथे रडले. अर्थात धूर नव्हता, तेव्हा निमित्तही सांगता येईना.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते एकदा जमलं की जमलं. जांभा म्हणजे चाळण. जुलैत विहीर काठोकाठ आणि एप्रिलच्या मध्याला तळाचा दगड दिसतो. एवढ्या पावसाच्या मुलखात मे महिन्यात टँकर का फिरतात, हे आमच्या विहिरीत डोकावलं की समजतं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी, एवढंच सूत्र. आमच्या कौलांवर वर्षाला दोन लाख लिटर सहज पडतं. साठवायला जागा वीस हजार लिटरची, फेरोसिमेंटची टाकी. पहिल्या दोन-तीन सरींना पन्हळीचा पाइप काढून ठेवायचा, कौलं आणि वानरांचा राबता धुऊन जाऊ द्यायचा, मग जोडायचा. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत एकशेतीस दिवस धरले तर दिवसाला दीडशे लिटर. त्यातलं निम्म्याहून जास्त गाईंचं. संडासाच्या बाबतीत तर कोकणाला बाहेरून शिकायची गरजच नव्हती. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करून दाखवलं होतं आणि ते संडास 'गोपुरी संडास' म्हणूनच ओळखले गेले. आमचे दोन कप्पे त्याच वळणाचे, एक चालू, एक मुरत. राख आणि पातेरा. पाणी जवळजवळ नाहीच. पाहुण्यांना पॅनेलचे फोटो काढायला आवडतात. या कप्प्यांचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही, आणि सकाळी सहाला शेण कालवणाऱ्या माझ्या हातांचाही नाही.

आता वीज. छपरावर अडीचशे वॅटची दोन पॅनेलं, खाली दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, चोवीस व्होल्टची जोडी. चैत्रात दिवसाला दोन युनिट येतात. आषाढात कधी पाव युनिट. आमचा खर्च एलईडी दिवे, कमी वॅटचे दोन पंखे, एक लॅपटॉप, मोबाइल आणि मिक्सरची पाच मिनिटं मिळून पाऊण-एक युनिट. फ्रिज नाही. हिशेब कागदावर बसत होता. २०१४ च्या आषाढात अकरा दिवस सूर्य दिसला नाही. इन्व्हर्टर रात्री पिपाणी वाजवून बंद व्हायचा. अर्ध्या तासाने बॅटरी जरा सावरली की नवरा पुन्हा चालू करायचा. "अजून आहे थोडी," म्हणायचा. मीही म्हणायचे. शिल्लक शून्यावर नेऊन मग ऑर्डर टाकणाऱ्या स्टोअरकीपरला मी भोसरीत काय म्हटलं असतं, ते लिहीत नाही.

दिवाळीत बॅटऱ्या दोन तास टिकेनात. खेडहून माणूस आला. हायड्रोमीटरची काचनळी एकेका भोकात घातली, वर ओढली, डोळ्यासमोर धरली. दिवसभर ऊन खाऊनही १२५० च्या जागी ११५०. त्याने आत टॉर्च मारून मला वाकून बघायला लावलं. प्लेटांवर पांढरं धरलं होतं, माठाच्या बुडाशी क्षार धरतात तसं. "उपाशी ठेवलीत," तो म्हणाला. शिसं-आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली नेऊन तशीच दिवसचे दिवस ठेवली की हे होतं. पंचवीस हजारांच्या घरातला माल दीड वर्षात गेला. जुन्या बॅटऱ्या वजनावर दिल्या. त्यांतलं शिसं पुढे कुठल्या भट्टीत वितळलं, कुणाच्या नाकाजवळ वितळलं, याची नोंद माझ्या कुठल्याच वहीत नाही आणि ती टोचते. नवी जोडी आली तेव्हा मीटरशेजारी भिंतीवर गेरूने '२४.२' लिहिलं. काटा तिथे आला की आधी पंखा बंद, मग लॅपटॉप, मग माजघरातला दिवा. शेवटचा स्वयंपाकघरातला. ती जोडी सहा वर्षं चालली.

२०१८ मध्ये सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. त्यांना रोज दोन वेळा इन्शुलिन. उघडलेली बाटली पंचवीस-तीस अंशांच्या आत महिनाभर चालते, पण शिल्लक बाटल्यांना दोन ते आठ अंश लागतात. छोटा फ्रिज घेतला तर आषाढात तो आमची सगळी वीज पिऊन वर उपाशी. नवऱ्याने चार रात्री कागदावर आकडे मांडले. पाचव्या दिवशी मी उठून वाडीतल्या दुकानात गेले आणि दुकानदाराला विचारलं. त्याने काहीच विचारलं नाही. फ्रिजच्या दारातल्या वरच्या कप्प्यातल्या थंड पेयांच्या बाटल्या सरकवल्या आणि म्हणाला, "इथे ठेवा, पोरं हात लावणार नाहीत." तर अशी आमची स्वयंपूर्णता, दुकानदाराच्या फ्रिजमध्ये, थंड पेयांच्या शेजारी. स्टोअर्समध्ये काही वस्तूंवर लाल शिक्का असायचा, 'क्रिटिकल'. म्हणजे किंमत पाच रुपये असली तरी ती संपली की लाइन बंद. आमच्या घरची एकमेव लाल शिक्क्याची वस्तू आमच्या छपराखाली नव्हतीच. त्या दिवसापासून बाहेरची वही माळ्यावरून खाली आली, आणि पाहुण्यांना मी ती आधी दाखवायला लागले. काहींचा हिरमोड होतो. होऊ दे.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग वादळ. आदल्या दिवशी सूचना आली तेव्हा नवऱ्याने पॅनेलं उतरवून गोधड्यांत गुंडाळून पलंगाखाली सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यावर एवढ्या गोधड्या कधी घातल्या नाहीस." दुपारी वारा आला. कौलं आधी एकेक सुटली, मग पंगतीतून माणसं उठावीत तशी ओळीने. आम्ही तिघं माजघरातल्या जात्याशेजारी बसून होतो, तिथे वर माळा असल्यामुळे. संध्याकाळी बाहेर आलो तर गोठ्याच्या अंगावर आंबा. गाई सकाळीच सोडून दिल्या होत्या, तिन्ही वहाळाच्या पलीकडे शांत चरत होत्या. टाकी जागच्या जागी. खाली वाडीत खांब आडवे, तारा भातखाचरांत. हर्णै, आंजर्ले, केळशीकडच्या बातम्या दोन दिवसांनी पायी आल्या.

तिसऱ्या दिवशी पॅनेलं खळ्यात बांबूला टेकवून उभी केली आणि मोबाइल यायला लागले. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी मे महिन्यातच गावी आले होते, एकेका घरात दहा-दहा माणसं. गंमत म्हणजे टॉवरच बंद होते. लोक मोबाइल चार्ज करायचे ते टॉर्चसाठी. मी ओटीवर रजिस्टर मांडलं. भरलेला मोबाइल म्हणजे साधारण वीस वॅट-अवर, पंचवीस मोबाइल म्हणजे अर्धं युनिट. आभाळ अजून भरलेलं, येणारी वीज अर्ध्या युनिटाच्या जरा वर. म्हणून आमचे पंखे आणि लॅपटॉप बंद, आणि प्रत्येक घराला एक मोबाइल, दिवसाआड. एका मुंबईकराने तीन आणले. त्याला मी भोसरीच्या आवाजात परत पाठवलं. बऱ्याच वर्षांनी तो आवाज निघाला. बरं वाटलं.

आणि इन्शुलिन? दुकानदाराचा फ्रिज बंद पडल्यावर दोन बाटल्या घेऊन तो स्वतः चढण चढून आला. ओल्या वाळूतलं मडकं मार्च-एप्रिलमध्ये छान गार राहतं, पण जूनमध्ये हवाच पाण्याने भरलेली, तर ओल्या मडक्यातून वाफ होऊन जाणार कुठे? आम्ही बाटल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून विहिरीत पाण्याच्या जरा वर टांगल्या. फ्रिजएवढं गार नाही, पण घरातल्यापेक्षा पुष्कळ बरं. महिन्याची मुदत डब्यावर लिहिली. दुकानदार रोज येऊन दोर ओढून पाहायचा, जणू बाटल्या त्याच्याच.

छप्पर वाडीतल्या सहा जणांनी दोन दिवसांत शाकारून दिलं. कौलं त्यांच्याही घरांची गेली होती. आजींनी गोठ्यात पडलेला आंबा बघितला आणि म्हणाल्या, "आता दोन सालं सरपणाची चिंता नाय तुला." बाहेरच्या वहीत त्या पानावर कौलांचा आकडा आहे. मजुरीचा रकाना कोरा आहे, कुणी घेतलीच नाही. कोऱ्या रकान्याला स्टोअर्समध्ये आम्ही 'पेंडिंग' म्हणायचो. वाडीतली वीज यायला अनेक आठवडे लागले. तोवर त्या रजिस्टरची अकरा पानं भरली.

सासूबाई २०२२ च्या माघात गेल्या. तेराव्यानंतर दुकानात गेले तर दुकानदाराने फ्रिज उघडून कप्प्यातलं खोकं काढून दिलं. आत दोन बाटल्या, सीलबंद, मुदत ऑगस्टपर्यंत. मी दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसले. वाडीतल्या एका बाईंना तेच इन्शुलिन चालू होतं. त्यांच्या मुलाकडून दापोलीच्या डॉक्टरांना फोन लावून नाव आणि मात्रा पुन्हा विचारून घेतली आणि बाटल्या त्यांच्यासाठी त्याच कप्प्यात परत ठेवल्या. घरी येऊन बाहेरची वही उघडली. सगळ्या नोंदी 'आवक'च्या रकान्यात होत्या, नऊ वर्षांच्या. 'जावक' असा रकाना मी कधी आखलाच नव्हता. पट्टी घेतली आणि आखला. दोन बाटल्या.